मोडकी शिडी, उघडी कातर

लॉजच्या पाटीवर वायफाय आहे.
पलंगाशेजारच्या कागदावर आहे,
काउंटरवरच्या श्रीशैलप्पांच्या बोलण्यातही आहे:
"हाय की साहेब. वर गच्चीत जावा, येलालंय."

गच्चीत दिवसभराचं ऊन फरशीत मुरलेलं,
रात्री साडेअकराला चप्पल काढवत नाही.
मोबाइलचा डेटा दुपारीच संपला.
बाराला टेंडर बंद:
सहा हजार टॉवेल, एका सरकारी दवाखान्याचे.
मी लॅपटॉप दोन्ही हातांवर तबकासारखा धरून हिंडतो,
टाकीपाशी एक काडी,
जिन्यापाशी तीही नाही.

पडद्यावर मात्र अख्खी गल्ली उतरली आहे:
दुडम फॅमिली. गाजूल टेक्स्टाइल्स वरचा मजला.
रेणुका झेरॉक्स. मल्लू फाइव्ह जी. फुकट्या लांब हो.
प्रत्येक नावापुढे एक बारकं कुलूप.
दिवसा याच गल्लीत
पाच दिवसांनी नळ आलेला असताना
तीन दारांत मला पाणी विचारलं होतं,
एकात शेंगाची चटणी
पेपरात बांधून दिली होती.

समोरच्या गच्चीवर, गल्लीएवढ्या अंतरावर,
बालामणी दुडम जाग्या.
मांडीवर सूप, हातात कातर,
उद्याच्या विड्यांची पानं कापणं चाललेलं.
"काय हुडकलालाव?"
इंटरनेट, म्हणालो. मग नेट. मग वायफाय.
"ते होय! हाय की आमच्यात.
अंबादासनं बसवलंय, भिवंडीला जाताना.
मी हात लावत न्हाई. हिरवा लाईट जळत असतोय नुसता."

आत गेल्या, खोक्याची फाडलेली कड घेऊन आल्या,
त्यावर बॅटरी धरली.
मला लांबून दिसेना, त्यांना इंग्रजी येईना.
तेलुगू येतं, मराठी येतं,
कन्नड भांडण्यापुरतं.
जरा वेळ कागद फिरवला
आणि मग जे दिसलं ते वाचू लागल्या:

"पैलं शिडी हाय. एकाच पायरीची."
एच.
"मग कातर, उघडलेली."
एक्स.
"मग कोयता."
सात.
"मग विडी. उभी."
एक, की एल, की आय? मी घाम पुसला.
"मग बंडल, तोंडाकडनं बघितल्यावानी.
मग परत शिडी, पर मोडकी,
वरचा एक पाय तुटलाय बघा तिचा.
शेवटाला दोन सुया, टोकाला टोक लावून.
तसंच अजून एकदा."

चुकलं.
विडीचा एल केला, मग आय, मग पुन्हा एक.
"बंडल गोल आहे का लांबट?" मी ओरडलो.
"लांबट!" त्या ओरडल्या.
कुणीतरी झोपेत कूस बदलली,
खाली माग खडखडत होते ते खडखडतच राहिले,
आणि अकरा बावन्नला कुलूप उघडलं.

वीस टक्के. साठ.
त्र्याऐंशीला फाइल बसली ती बसलीच.
मान वर केली तर
डावीकडच्या गच्चीत चादरीखाली निळा उजेड,
टाकीमागं आणखी दोन,
पलीकडे गाजुलांच्या पोरांची अख्खी रांग
अंगठ्यांनी टिपून घेत होती
शिडी, कातर, कोयता.

बालामणी सूप बाजूला ठेवून उठल्या.
"बंद करा बे ते!"
मग तेलुगूत बरंच लांबलचक काहीतरी,
त्यात दोनदा माझ्याकडे बोट.
एकेक उजेड विझला.
अकरा एकोणसाठ.
शंभर.

"गेलं का?"
गेलं.
"कुठनं जातंय ते? भिवंडीवरनं?"
मला खरंच माहीत नव्हतं.
जात असेल, म्हणालो.
"असं," म्हणाल्या,
आणि एक पान कापून झाल्यावर पुन्हा एकदा, "असं."

कागदाचा तुकडा त्यांनी आत नेला नाही.
कठड्यावरच ठेवला,
उडू नये म्हणून वर खडा.